बाबती की बाबत

मोडी लिप्यंतराचं काम करतो त्यामुळं जमिनीच्या वादातले कागद रोजच हातात येतात, खरेदीखतं, वाटणीपत्रं, गहाणखतं, पण देवस्थान इनामाचा, म्हणजे देवाला दिलेल्या जमिनीचा किंवा वसुलाचा, कागद आला की मी बाकी सगळं बाजूला ठेवतो. त्यात एकेका शब्दामागं रुपयातला नेमका कितवा हिस्सा कुणाला, हे ठरलेलं असतं.

मागच्या पावसाळ्यात नगरकडच्या एका देवस्थानचे वयस्कर ट्रस्टी त्यांच्या वकिलांना घेऊन आले. सोबत मूळ कागद आणि कुणीतरी आधी करून दिलेलं टाइप केलेलं लिप्यंतर. त्यात लिहिलं होतं की मौजे मजकूर, म्हणजे वर सांगितलेलं गाव, बाबत देवास इनाम करून दिल्हे. म्हणजे आख्खा गाव देवाचा. त्यावर दावा उभा राहणार होता, आणि समोर त्या गावात पिढ्यानपिढ्या नांगर धरणारी माणसं, सातबारा त्यांच्या नावावर. मला वाचूनच धस्स झालं, कारण असं वाक्य पेशवाईतला कारकून लिहीत नाही. इनामाच्या वाक्यात 'बाबत' असं मोघम येतच नाही, तिथं काय दिलं ते ठणठणीत लिहितात.

मूळ कागद भिंगाखाली घेतला. मोडीत आधी पानभर शिरोरेघ ओढून घेतात मग अक्षरं त्याला टांगतात, शब्द तोडत नाहीत, आणि वेलांटी पुढच्या अक्षरात शिरते. 'त'च्या डोक्यावरून एक बारीक फिकट वळसा निघून पुढच्या 'दे'ला चिकटलेला होता. मौजे मजकूरची बाबती. आधीच्या माणसानं ती वेलांटी सोडली, आणि 'ची' वाक्यात बसेना म्हणून तीही गाळली.

आता बाबती म्हणजे काय ते समजायला 1719 कडं जावं लागतं. बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाईच्या, म्हणजे वसुलाच्या चौथ्या हिश्शाच्या, आणि सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. सरदेशमुखी म्हणजे वसुलाचा दहावा हिस्सा, तो छत्रपतींचं वतन म्हणून वेगळाच, त्याला चौथाईच्या वाटणीत धरायचं नाही. चौथाईचे मात्र चार तुकडे. गावचा वसूल 1000 रुपये धरा, तर चौथाई 250. त्यातला पाव भाग राजाचा, साडेबासष्ट रुपये, ही बाबती. चौथाईचे सहा टक्के पंत सचिवांना, म्हणजे राजाच्या एका मंत्र्याला, 15 रुपये, तो साहोत्रा. तीन टक्के नाडगौडा, साडेसात, तो राजा मर्जीनं कुणालाही देई. उरलेले 165 ऐन मोकासा, सरदारांनी फौज बाळगायची त्याबद्दल. म्हणजे बाबती हा पूर्ण वसुलाचा सोळावा हिस्सा, रुपयाला एक आणा! आणि तोही वसुलातला हक्क, जमिनीची मालकी नव्हेच.

कागदावर साल होतं सुहूर सन, म्हणजे मराठी दफ्तरात अरबी आकड्यांत लिहायची जुनी कालगणना, सीत खमसैन मया व अलफ, म्हणजे 1156, त्यात 599 मिळवले की 1755. नगरचा किल्ला तेव्हा निजामाकडं, पेशव्यांकडं आला 1759 ला. त्यामुळं त्या मुलखात मराठ्यांचा चौथाईचा अमल असणं अगदी बरोबर बसतं. तरी मी एवढ्यावर थांबलो नाही, कारण वेलांटी कोर्टात कोण बघणार, हिशोब सगळ्यांना दिसतो. त्यांच्या रुमालात, म्हणजे कागद बांधलेल्या कापडी गाठोड्यात, एक छोटी याद होती, गावची बेरीज, म्हणजे एकूण वसूल, 840 आणि खाली देवाकडं पोचलेली रक्कम 52॥. दोन उभ्या रेघा म्हणजे अर्धा. 840 ची चौथाई 210, तिचा पाव साडेबावन्न. कागद स्वतःच बोलला.

ट्रस्टी बराच वेळ गप्प बसले मग म्हणाले, "म्हणजे देवाचं काहीच नाही का हो?" म्हटलं काका, थांबा, रुमाल संपू द्या. आणि तळाशी खरंच दुसरा कागद निघाला, जमीन चावर नीम, कुलबाब कुलकानू, हाली पट्टी व पेस्तर पट्टी, जल तरु तृण काष्ठ पाषाण निधि निक्षेप सहित, खेरीज हक्कदार व इनामदार करून. नीम म्हणजे अर्धा, चावर 120 बिघ्यांचा, तर ही 60 बिघे, आणि दिलीय ती पाण्यासकट झाडासकट, जमिनीत पुरलेलं धन निघालं तर त्यासकट, आज आहेत ते सगळे कर आणि पुढं बसतील तेही माफ. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं तेव्हा काका खुर्चीतून पुढं सरकून बसले. लिहिणाऱ्यानं केवढा विचार केलाय बघा, पुढं वाद होईल हे जाणून एकेक दार बंद केलंय, आणि जुन्या हक्कदारांचं मात्र काढून घेतलेलं नाही.

वकिलांनी गावावरचा दावा तिथंच सोडला. आता ते या 60 बिघ्यांची एलिएनेशन रजिस्टरला, म्हणजे इनाम जमिनींच्या सरकारी नोंदवहीत, देवस्थान इनाम, वर्ग 3 अशी नोंद मिळते का ते शोधताहेत, चतुःसीमा कागदात आहेत त्यामुळं गट नंबर जुळवायला वेळ लागला तरी जुळतील असं मला वाटतं. लिप्यंतरात मी बाबती शब्द बाबतीच ठेवलाय, खाली त्याचा अर्थ आणि 52॥ चा हिशोब मांडलाय, कोर्टानं बोलावलं तर समजावून सांगायलाही जाणार आहे.