आजोबांनी किती मारले?

आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले, असं कळलं की समोरचा हटकून विचारतो, "किती जर्मन मारले त्यांनी?" तुम्हीही परवा तेच विचारलंत, म्हणून लिहितो.

आकडा त्यांनी कधीच सांगितला नाही. आम्ही पोरं मागे लागलो की ते चिखलाचं सांगायचे, खेचरांचं सांगायचे. इटलीत एक नदी ओलांडावी तर पुढं दुसरी उभी. सांग्रो नदीला पूर आला आणि पूल वाहून गेले. डोंगरात गाडी चालेना, मग दारूगोळा, पाणी, रेशन सगळं खेचरांच्या पाठीवर. खेचर अडलं की माणसाच्या.

१९४५ च्या मार्चमध्ये त्यांची पहिली बटालियन सेनिओ नदीवर होती. पात्र आपल्या ओढ्याएवढं, पण दोन्ही काठांना दुमजली घराएवढे मातीचे बांध. त्या बांधांच्या पोटात जर्मनांनी बिळं पोखरलेली. काही ठिकाणी तर एकाच बांधाच्या अलीकडच्या अंगाला आपले, पलीकडच्या अंगाला ते. मध्ये नुसती माती. दिवसा डोकं वर काढायचं नाही. खोकला आला तर तोंडात टॉवेल कोंबायचा. अंधार पडला की कामाला लागायचं: जेवण यायचं, जखमी मागं जायचे, ढासळलेले खंदक उपसायचे. असे दिवसामागून दिवस.

९ एप्रिलला दुपारपासून विमानांनी आणि तोफांनी तो काठ भाजून काढला आणि संध्याकाळी पायदळ पाण्यात उतरलं. नामदेव जाधव याच पलटणीतले, नगर जिल्ह्यातल्या निमजचे. कंपनीचे रनर, म्हणजे निरोप पोचवणारे. मशीनगनची तीन ठाणी मोडली, हात जखमी झाल्यावर टॉमीगन, म्हणजे हातातली छोटी मशीनगन, टाकून बॉम्ब फेकले, बांधाच्या माथ्यावर उभं राहून शिवाजी महाराजांचा जयजयकार केला. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळालं. त्याच दिवशी, त्याच नदीवर लढलेल्या, दुसऱ्या एका पलटणीतल्या शिपाई अली हैदर यांनाही.

आजोबा दुसऱ्या कंपनीत होते. त्यांनी हे पाहिलं नव्हतं, पलटणीत ऐकलं होतं. सांगताना ठाण्यांचा भाग ते भरभर उरकायचे. रेंगाळायचे त्याच्या आधीच्या गोष्टीवर. गोळीबार चालू असताना जाधवांनी एका जखमीला उचललं, खोल पाण्यातून, सुरुंगांमधून, त्या उभ्या चढावरून अलीकडं आणलं. आणि परत गेले, दुसऱ्याला आणायला. "परत गेला रे तो," एवढं म्हणून आजोबा थांबायचे.

गावी शेताच्या बांधावर ते कधी ताठ उभे राहिले नाहीत. वाकून चढायचे, वाकूनच उतरायचे. सात-आठ वर्षांचा असताना मी एकदा बांधाच्या माथ्यावर उभा राहून त्यांना हाक मारली. ते धावत आले, दंडाला धरून मला खाली ओढलं आणि छातीशी दाबून धरलं. न्याहारी गार झाली तरी माझा दंड त्यांनी सोडला नव्हता.