सिमेंट पत्र्याच्या चिरा आणि 35 एमएमची लेन्स

उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईतल्या लोकांना खाली यायला नको. शेडचं सिमेंट पत्र्याचं छप्पर ड्रोनवरून तपासायचं असेल आणि ड्रोनखाली लेन्स बदलता येणारा एपीएस-सी (मध्यम आकाराच्या सेन्सरचा) कॅमेरा असेल, तर 35 एमएमची फिक्स, म्हणजे झूम नसलेली, लेन्स लावा. 20 एमएम पिशवीत असू द्या. कॅमेऱ्याबरोबर आलेली 16-50 ची किट लेन्स बारशाच्या फोटोंसाठी घरी ठेवा.

आता ज्यांना वेळ आहे त्यांच्यासाठी.

आमचं बहुतेक काम इचलकरंजीतलं. यंत्रमागाच्या जुन्या शेड, करवतीच्या दात्यांसारखी छपरं, उत्तरेकडं उभ्या काचा आणि दोन दात्यांच्या मधे गटर. वळवाचे दोन पाऊस झाले की फोन सुरू होतात. कारण सरळ आहे. पत्र्यातून गळलेलं पाणी पत्रे पेलणाऱ्या लोखंडी कैचीवरून गंज घेऊन खाली येतं आणि मागावरच्या ग्रे (अजून न धुतलेल्या-रंगवलेल्या) कापडावर तांबूस डाग पडतो. पार्टी तो तागा परत पाठवते. त्यामुळे छप्पर गळतंय याचं दुःख कुणाला फारसं नसतं, कापड परत आल्याचं असतं.

वर माणूस चढवणं हा पूर्वापार चालत आलेला उपाय. पण जुना सिमेंट पत्रा ठिसूळ होतो, वरून धडधाकट दिसतो आणि पाय बोल्टच्या रांगेवरून जरा सरकला की फुटतो. खाली माग चालू असतो. फळी टाकल्याशिवाय त्यावर कुणी चालू नये असं सगळ्यांना माहीत असतं आणि फळी कुणीच टाकत नाही. म्हणून ड्रोन.

उडवण्याचं काम मावसभावाचं. त्याच्याकडं रिमोट पायलट सर्टिफिकेट आहे. ड्रोन दोन किलोच्या वरचं म्हणजे ‘स्मॉल’ वर्गातलं, त्यामुळे ड्रोन नियम 2021 प्रमाणे ते लागतंच. कॅमेरा माझा. लग्नाचे फोटो काढून कंटाळलेल्या माणसाला छप्पर हा फार शांत गिऱ्हाईक वाटतो, डोळे मिटत नाही की काही नाही. मला बरेच जण विचारतात की घडी घालता येणारं परदेशी ड्रोन का नाही घेत, त्यात टेलिलेन्सही आत बसवलेली येते. फेब्रुवारी 2022 पासून परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, एवढंच त्याचं उत्तर. मग देशी सांगाडा आणि त्याखाली सोनीचा जुना α6000, अशी आमची जोडणी आहे. कॅमेरा बॅटरी-कार्डसकट 344 ग्रॅम. त्यापुढं लेन्सचा प्रत्येक ग्रॅम मावसभाऊ माझ्याकडं बघत मोजतो.

आता गणित. 24 मेगापिक्सेल ऐकून शेठ लोक खूश होतात, पण छपराला मेगापिक्सेलशी घेणंदेणं नाही. एका पिक्सेलमध्ये पत्र्याचे किती मिलिमीटर मावतात, एवढंच बघायचं. या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल सुमारे 3.9 मायक्रॉनचा. त्याला अंतरानं गुणा आणि लेन्सच्या फोकल लेंथनं, म्हणजे तिच्यावरच्या एमएमच्या आकड्यानं, भागा. पत्र्यापासून 12 मीटरवर 20 एमएम लावली तर पिक्सेलला साधारण 2.3 मिलिमीटर येतात, 35 ला 1.3 आणि 50 ला 0.9. पत्रा खाली बांधून ठेवणाऱ्या जे-बोल्टवरचा वायसर इंचभराचा धरला तर 35 एमएमच्या फोटोत तो एकोणीसेक पिक्सेल रुंद येतो. तेवढ्यात वायसर जागेवर आहे का, फाटलाय का, त्याखालचं डांबर वाळून निघालंय का, हे स्क्रीनवर बोट ठेवून दाखवता येतं. 20 ला तो दहा-अकरा पिक्सेलचा ठिपका होतो आणि शेठ म्हणतात, ‘हे काय, कबुतराची घाण हाय व्हय?’

इथं मावसभाऊ हमखास एक प्रश्न टाकतो. ‘दादा, 20 लावूनच खाली 7 मीटरवर आलो तर? तेवढेच मिलिमीटर मिळतात की.’ हिशेब बरोबर आहे, मिळतात. तरी मी नाही म्हणतो, आणि या लेखाचा जीव या नाहीमध्येच आहे.

एक कारण पंख्याच्या वाऱ्याचं. जुन्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतं. वरची धूळ, सुटलेले कपचे, शेवाळाची वाळलेली पापुद्री यांच्यावर सात मीटरवरून वारा मारायचा आणि उघड्या काचेतून ते आत कामगारांच्या नाकात घालायचं, हे मला पटत नाही. शिवाय सायझिंगच्या (सुताला खळ देण्याच्या) बॉयलरची चिमणी, केबलवाल्यांच्या वायरी, शेजारचा नारळ. बारा मीटरवर मावसभावाचा चेहरा सैल असतो, सातवर आवळतो.

दुसरं कारण कोनाचं, आणि ते लेन्स विकणारे कधी सांगत नाहीत. पन्हळी पत्रा सपाट नसतो. भारतीय मानकातल्या पत्र्याची एक नाळ (पन्हळीची एक लाट) 146 मिलिमीटर रुंद आणि 48 मिलिमीटर खोल. म्हणजे नाळीची बाजू सगळ्यात उभी असते तिथं उतार पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो. आता फोटोच्या मधोमध कॅमेरा पत्र्यात सरळ बघतो, तिथं सगळं दिसतं. कडेला मात्र तो तिरका बघतो. 20 एमएमच्या फोटोच्या डाव्या-उजव्या काठावर नजर तीस अंश कललेली असते. नाळीची आपल्याकडं तोंड असलेली बाजू छान दिसते, पाठमोरी बाजू आहे त्याच्या चतुर्थांश रुंदीची होऊन बसते. बोल्टच्या भोकातून निघालेली चीर नाळीच्या लांबीनं पळत असते. ती पाठमोऱ्या बाजूवर असेल तर फोटोत एक काळपट रेघ येते, आणि तशीच रेघ सावलीचीही असते. 35 एमएमला काठावरची नजर साडेअठरा अंशच कलते, आणि तीच बाजू निम्म्याच्या जवळपास दिसते. चीर आणि सावली वेगळी काढायला तेवढं पुरतं.

तेव्हा मिलिमीटर सारखे असले तरी दोन फोटो सारखे नसतात. जास्त एमएमची लेन्स जास्त ‘झूम’ करते म्हणून ती लावायची नाही, ती दूर उभी राहून सरळ बघू देते म्हणून लावायची. सपाट स्लॅबच्या बाबतीत हा मुद्दा बराच सौम्य होतो. पन्हळीला, आणि त्याहून जास्त कारखान्यांवरच्या चौकोनी कंगोऱ्यांच्या लोखंडी पत्र्याला, तो फार बोचतो. तिथं कंगोऱ्याची पाठमोरी बाजू पूर्णच गायब होते.

याच हिशेबातून फुकटची एक युक्ती निघते. फोटोची लांब बाजू नाळींच्या दिशेनं ठेवायची, म्हणजे नाळींना आडवी येते ती आखूड बाजू. 35 एमएमला मग काठावरचा कल साडेबारा अंशांवर येतो. त्यासाठी ड्रोनचं तोंड फिरवून उडावं लागतं आणि सुरुवातीला मावसभाऊ कुरकुरला, कारण पुढं-मागं जाण्याऐवजी आडवं सरकावं लागतं. आता सवयीनं तसंच उडवतो. आणि हो, दात्यांच्या छपरावर कॅमेरा थेट खाली नाही, पत्र्याच्या उताराला काटकोनात धरायचा. उतार वीस-पंचवीस अंशांचा असतो, तेवढा गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारा झुलता हात) कलता ठेवायचा. 12 मीटर हे अंतरही पत्र्यापासूनचं, जमिनीपासूनचं नाही.

मग 50 का नाही, आणखी सरळ बघेल की. बघेल. पण 12 मीटरवरून 35 चा एक फोटो साधारण आठ बाय सव्वापाच मीटरचा भाग घेतो, 50 चा त्याच्या निम्म्याहून कमी. फोटो दुप्पट, बॅटऱ्या दुप्पट. वजन 155 ऐवजी 202 ग्रॅम आणि तेही पुढं झुकलेलं, म्हणजे गिंबलचा तोल पुन्हा लावा. आणि खरा त्रास खाली संगणकावर होतो: सगळे पत्रे एकसारखे, सगळे बोल्ट एकसारखे, पाच मीटरच्या तुकड्यात हा कुठला कोपरा ते कळेना. म्हणून 20 एमएम पिशवीत लागते. 69 ग्रॅमची चपटी लेन्स, गिंबलला तिचा पत्ताही लागत नाही. आधी तिनं वरून अख्ख्या शेडचे थोडे फोटो घेऊन नकाशा करायचा, त्यावर गाळ्यांना नंबर टाकायचे, आणि मग 35 चे फोटो त्या नंबरांना जोडायचे. पत्रेवाल्या मिस्त्रीला अक्षांश-रेखांश नको असतात. ‘तिसरा गाळा, गटरपासून दुसरा पत्रा, वरचा बोल्ट’ म्हटलं की तो बरोबर तिथं जातो.

किट लेन्सवर जास्त शब्द घालवत नाही. कॅमेरा झोपला की ती आत जाते, जागा झाला की बाहेर येते, तोल बिघडतो, झूम कुठं होता ते विसरते आणि कोपरे मऊ असतात.

फोकसबद्दल एक सांगायलाच हवं. सोनीच्या या लेन्सांचं फोकस रिंगला यांत्रिक जोडलेलं नसतं, ते विजेवर चालतं. कॅमेरा बंद झाला की ठरवलेली जागा जाते. तेव्हा कॅमेरा चालू करून, 12 मीटरवरच्या एखाद्या भिंतीवर फोकस धरून, मॅन्युअलवर टाकायचं आणि झोपण्याची वेळ जास्तीत जास्त लांबवायची. लेन्सचं छिद्र एफ 5.6 ला ठेवलं तर 35 एमएमवर बारा मीटरला धरलेलं फोकस सहा मीटरपासून पुढं सगळं पोटात घेतं, त्यामुळे वारं आलं आणि ड्रोन थोडं वरखाली झालं तरी चालतं. लेन्समधलं स्टेबिलायझेशन मी बंद ठेवतो. शटर 1/1250. सेकंदाला एक मीटर सरकलं तरी एवढ्यात मिलिमीटरभरही हलत नाही, म्हणजे पिक्सेलच्या आतच राहतं.

फिल्टर? लग्नाच्या व्हिडिओतून आलेली पोरं सवयीनं एनडी (उजेड कमी करणारी काळपट काच) लावून येतात. तो व्हिडिओसाठी शटर हळू करायला असतो, आपल्याला इथं उलटं हवं. पोलरायझर, म्हणजे चमक कापणारा फिल्टर, सोलरच्या काचेवर किंवा उजेडासाठी घातलेल्या फायबरच्या पत्र्यावर उपयोगी पडतो, पण ड्रोन फिरलं की त्याचा कोनही फिरतो. न रंगवलेल्या लोखंडी पत्र्याची चमक तर त्यानं जातच नाही. उघड्या धातूवरून परतलेल्या प्रकाशावर त्याची मात्रा चालत नाही. त्यापेक्षा वेळ निवडा. सकाळचं ऊन नाळींना आडवं आलं की एक बाजू काळी पडते. वळवाचे ढग नुसते भरून आलेले असतात त्या तासाभरात प्रकाश सगळीकडं सारखा पडतो. फक्त त्या तासानंतर जे वारं सुटतं त्याच्या आधी खाली उतरायचं.

गोकुळ शिरगाव एमआयडीसीतून बोलावणं आलं तर मी आधी डिजिटल स्कायचा, म्हणजे ड्रोन कुठं उडवता येतं ते दाखवणारा सरकारी, नकाशा उघडतो, मग लेन्सचा विचार करतो. कोल्हापूरचा उजळाईवाडीचा विमानतळ अगदी शेजारी आहे. कारखानदारांना हे सांगितलं की वाटतं आम्ही भाव वाढवतोय.

आणि बंगलेवाल्यांनो, तुमच्या गच्चीवरची केसासारखी चीर ड्रोनला दिसत नाही. ती 0.3 मिलिमीटरची, आमचा पिक्सेल 1.3 चा. पाणी साचल्याचे डाग, शेवाळ, उखडलेला चायना मोझॅक एवढं दिसेल. बाकीच्यासाठी जिना आहे, संध्याकाळी बॅटरी जमिनीला टेकवून आडवा उजेड पाडा, फुकटात काम होईल.

गटराला मात्र ड्रोनशिवाय पर्याय नाही, आणि तिथं वरून काढलेला फोटो अर्धवटच असतो. पाला, कबुतरांची घरटी, सुताचे पुंजके यांच्याखाली गटराचा सांधा दिसतच नाही. म्हणून शेवटी ड्रोन गटराच्या टोकाला आणून, त्याच 35 नं, गटराच्या लांबीनं तिरके फोटो काढतो. उंचवटा कुठं झालाय आणि पाणी कुठं तुंबणार हे त्यात लगेच कळतं. परवा एका अण्णांना हे सगळं मोठ्या स्क्रीनवर रंगात येऊन दाखवत होतो. चिरा, वायसर, गटर. त्यांनी शांतपणे चहा संपवला आणि म्हणाले, ‘फोटू ब्येस हाईत. पत्रं किती आणायचं ते सांग.’ 20 एमएमच्या नकाशावरच्या लाल खुणा मोजून सांगितलं. त्यांनी तिथल्या तिथं पत्र्याच्या दुकानाला फोन लावला.