१७७ सक्सेस, टास्क शून्य: रिकर्शन गार्ड काढून टाकला

मंडळी, सापडलं एकदाचं! मागच्या वेळी लिहिलं होतं ना, की फॉलोअपचा ट्रिगर (रेकॉर्ड बदललं की आपोआप चालणारा कोड) कधी चालतो कधी नाही आणि त्यात काही सूत्रच लागत नाही. तर सूत्र होतं, एक सोडून दोन, आणि दोन्ही माझ्या रिकर्शन गार्डमध्येच (ट्रिगरने स्वतःलाच पुन्हा बोलावू नये म्हणून घातलेला अडसर) दडून बसलेली.

सेटअप तोच, सेल्सफोर्स या विक्री सांभाळायच्या सॉफ्टवेअरची फुकटवाली डेव्हलपर एडिशन, ऑपॉर्च्युनिटीची (होऊ घातलेल्या सौद्याच्या रेकॉर्डची) स्टेज बदलली की ओनरच्या नावावर टास्क पडायला हवा आणि ऑपॉर्च्युनिटीवर पुढच्या फोनची तारीख बसायला हवी. पण ती तारीख मी आफ्टर अपडेटमध्ये (रेकॉर्ड सेव्ह झाल्यानंतरचा टप्पा) परत डीएमएल (डेटा बदलायची आज्ञा) मारून लावत होते, म्हणजे अपडेटच्या पोटात अपडेट, ट्रिगर स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावणार आणि १६ पातळ्या खोल गेला की एरर देऊन सगळं गुंडाळणार. म्हणून वर एक स्टॅटिक बुलियन, म्हणजे ट्रू-फॉल्सचा फ्लॅग, ठेवलेला, एकदा आत गेलं की ट्रू, आणि ट्रू दिसला की आल्या पावली परत. मी असंच शिकले होते आणि तुमच्यातल्याही बऱ्याच जणांच्या कोडमध्ये तो असणार, म्हणून हे एवढं सविस्तर लिहितेय.

पहिलं सूत्र असं सापडलं. अनॉनिमस विंडोतून (कोड तिथल्या तिथे चालवायची खिडकी) ४५० ऑपॉर्च्युनिटी एकाच लिस्टमध्ये अपडेट केल्या, एरर काही नाही, टास्क मोजले तर २००. बरोब्बर २००! तो आकडा बघितला आणि डोक्यात लख्ख झालं. ट्रिगरच्या हातात रेकॉर्ड २००-२०० च्या गठ्ठ्याने येतात, म्हणजे माझ्या ४५० चे २००, २०० आणि ५० असे तीन गठ्ठे, पण ट्रान्झॅक्शन (सलग एक धरलं जाणारं काम) एकच, आणि स्टॅटिक व्हेरिएबल ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत जिवंत राहतं. पहिल्या गठ्ठ्याने फ्लॅग ट्रू केला, उरलेले २५० दारातूनच परत गेले. टेस्ट हिरवी होती, कव्हरेज (टेस्टमध्ये चालून गेलेला कोड) ९६ टक्के होतं, डिप्लॉयला लागणाऱ्या ७५ च्या कितीतरी वर, पण टेस्टमध्ये रेकॉर्ड एकच होतं ना.

मग डेटा लोडरमधून (सीएसव्ही फाइलमधले रेकॉर्ड चढवायचं टूल) तोच डेटा नीट कसा जायचा? कारण त्याची डीफॉल्ट बॅचच २०० ची. प्रत्येक बॅच वेगळी रिक्वेस्ट, वेगळं ट्रान्झॅक्शन, फ्लॅग परत कोरा. मी दोन आठवडे सीएसव्हीमधले तारखांचे कॉलम तपासत होते.

बुलियन काढला, त्या जागी आयडींचा स्टॅटिक सेट ठेवला, जो आयडी होऊन गेला तो वगळायचा. ४५० ला ४५० टास्क. त्या रात्री फार शांत झोप लागली.

आणि दोनच दिवसांनी डेटा लोडरमधून १८० ओळी चढवल्या, तीन एरर आले, ते यायलाच हवे होते, रक्कम शून्य असताना स्टेज पुढे नेलेले रेकॉर्ड मी आफ्टर अपडेटच्या शेवटी ॲडएरर लावून अडवते. १७७ सक्सेस. टास्क किती? शून्य. तीन-चार कमी असते तरी समजलं असतं, पण एकही नाही!

यात दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी ट्रिगरच्या पहिल्याच ओळीत लिस्टची साइज डीबगला टाकली आणि लॉग व्हीएस कोडमध्ये उघडला (रिप्ले डीबगर छान आहे, पण असल्या शोधाला साधी डीबगची ओळ जास्त कामाला येते असं माझं मत झालंय). लॉगमध्ये वर १८० आणि बऱ्याच खाली, त्याच लॉगमध्ये, १७७. एकाच रिक्वेस्टमध्ये ट्रिगर दोनदा. डेटा लोडर जिथे जमेल तितकं सेव्ह करा या पद्धतीने पाठवतो, त्यामुळे पहिल्या फेरीत तिघं नापास झाल्यावर प्लॅटफॉर्म सगळं रोलबॅक करतो, म्हणजे मागे घेतो, आणि चांगले १७७ घेऊन पहिल्यापासून सुरू करतो. पहिल्या फेरीचे टास्क रोलबॅकमध्ये गेले, गव्हर्नर लिमिट (एका ट्रान्झॅक्शनमध्ये किती काम करता येईल याची मोजणी) परत मूळ जागी आली, पण स्टॅटिक सेट तसाच राहिला! दुसऱ्या फेरीत माझ्या कोडच्या लेखी १७७ च्या १७७ आधीच होऊन गेलेले.

म्हणून आता गार्डच नाही. ओल्डमॅपमधली (बदलाआधीच्या रेकॉर्डमधली) स्टेज आणि नवी स्टेज वेगळी असेल तरच काम करायचं, रोलबॅकनंतर ओल्डमॅपमध्ये जुनीच स्टेज असते त्यामुळे दुसरी फेरीही बरोबर चालते. आणि तारीख बिफोर अपडेटमध्ये (सेव्ह होण्याआधीचा टप्पा) नेली, तिथे थेट फील्डला व्हॅल्यू द्यायची, डीएमएल लागतच नाही, मग रिकर्शन येणार कुठून. त्याच ४५० रेकॉर्डला डीएमएल स्टेटमेंट ७ वरून ४ वर आली, त्यांनी हाताळलेल्या रो १३५० वरून ९००. लिमिट १५० आणि १०,००० असल्यामुळे अडत काहीच नव्हतं, तरी लॉगच्या तळाशी ते आकडे उतरलेले बघताना जे वाटलं ते तुम्हाला सांगायला नको.

टेस्टही नव्याने लिहिल्या. एक २०१ रेकॉर्डची, म्हणजे दुसरा गठ्ठा पडतोच, आणि एक डेटाबेस अपडेटला फॉल्स देऊन (म्हणजे जमेल तितकं सेव्ह करा), मुद्दाम तीन खराब रेकॉर्ड घातलेली. यापुढे या दोन टेस्ट नसतील तर माझ्याकडून ट्रिगर डिप्लॉय होणार नाही.

पुढचं काम, कुठल्या स्टेजला किती दिवसांनी फोन, हे इफ-एल्समधून बाहेर काढणं. कस्टम सेटिंग वापरेन म्हटलं होतं, पण आता कस्टम मेटाडेटाकडे वळतेय (दोन्ही अशा व्हॅल्यू कोडबाहेर ठेवायच्या जागा), मेटाडेटाचे रेकॉर्ड कोडबरोबरच डिप्लॉय होतात आणि टेस्टमध्येही आपोआप दिसतात, सेटिंगचा डेटा टेस्टमध्ये वेगळा भरत बसावा लागतो.

थांबा, हे लिहिता लिहिता एक आठवलं. या जुन्या ऑर्गमध्ये (माझ्या सेल्सफोर्स खात्यात) माझा एक वर्कफ्लो रूल (अट जुळली की आपोआप चालणारा नियम) आहे, मोठ्या रकमेच्या ऑपॉर्च्युनिटीला प्रायॉरिटी लावणारा. सपोर्ट ३१ डिसेंबर २०२५ ला संपला तरी जुने रूल चालतात. आणि वर्कफ्लोने फील्ड अपडेट केलं की अपडेट ट्रिगर आणखी एकदा चालतो, त्या वेळी ओल्डमध्ये सगळ्यात पहिल्या बदलाच्या आधीची व्हॅल्यू असते. म्हणजे माझ्या तुलनेला स्टेज परत बदललेलीच दिसणार! टेस्टमधल्या सगळ्या रकमा लहान, त्यामुळे रूल तिथे कधी लागलाच नाही.

आत्ताच ऑर्ग उघडून एका मोठ्या रकमेच्या ऑपॉर्च्युनिटीची स्टेज बदलून बघितली. दोन टास्क पडले, सब्जेक्ट तोच, तारीख तीच. आयडींच्या सेटने इतके दिवस हे झाकून ठेवलं होतं. तेव्हा मेटाडेटा नंतर, आज रात्री आधी तो रूल बंद करून प्रायॉरिटी बिफोर-सेव्ह फ्लोमध्ये (सेव्ह होण्याआधी चालणारं ऑटोमेशन) नेतेय, आणि २०१ वाल्या टेस्टमध्ये निम्म्या रकमा मोठ्या करतेय.