ईबीसीला जाताय? पॉलिसीतला उंचीचा आकडा आधी बघा

मागच्या ऑक्टोबरात आम्ही चौघं पुण्याहून एव्हरेस्ट बेस कॅम्पला (ईबीसी) गेलो. लुकला, नामचे, तेंगबोचे सगळं मस्त, त्यावर लिहिणारे ढीगभर आहेत. मी फक्त लोबुचेची रात्र आणि इन्शुरन्स एवढंच लिहिणार, कारण डोकं अजून शांत झालेलं नाही.

पॉलिसी घेताना एजंटला सरळ विचारलेलं, ट्रेकला जातोय, चालेल ना? "हो हो सर, ५० हजार डॉलरचं कव्हर, हेलिकॉप्टरपण त्यात." आकडा ऐकून आम्ही खूश, पीडीएफ उघडलीच नाही, खोटं कशाला बोलू.

लोबुचे ४९४० मीटर. संध्याकाळपासून मेहुण्याला बसल्या जागी धाप, खोकला, ऑक्सिमीटरवर रक्तातला ऑक्सिजन ६२ टक्के, आणि हा म्हणतो बोटं गार पडलीत म्हणून कमी दाखवतंय. शेगडीत याकच्या गोवऱ्या पेटलेल्या, तिथे बोट शेकून परत लावलं तर ६४. हेलिकॉप्टर रात्री उडत नाही. मी इन्शुरन्सच्या चोवीस तासवाल्या नंबरवर फोन लावला, तर पहिला प्रश्न पेशंट कसा आहे हा नाहीच, "सर, आपण सध्या किती उंचीवर आहात?" मी सांगितलं. मग बराच वेळ ते होल्डवरचं संगीत, मग "सर, आपल्या प्लॅनमध्ये ४५०० मीटरच्या वर ट्रेकिंग कव्हर होत नाही."

त्या फोनात दीड तास गेला आणि तीच आमची सगळ्यात मोठी चूक. बसल्या जागी धाप लागत असेल तर आधी खाली उतरा, फोन नंतर. लॉजवाल्याकडून ऑक्सिजनचा सिलेंडर घेतला, एक घोडा मिळाला, नऊ वाजता निघालो. थुकलाचा तो दगडांचा उतार दिवसासुद्धा वैताग आणतो, हेडटॉर्चच्या उजेडात तर घोडाच पाय टाकेना, मग मेहुण्याला उतरवून दोघांच्या खांद्यावर. फेरिचेला पोचायला दीड वाजला. तिथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं क्लिनिक आहे, डॉक्टरने छाती तपासून सांगितलं, फुफ्फुसात पाणी.

आता गंमत ऐका. फेरिचे ४३७१ मीटर, म्हणजे मर्यादेच्या आत. सकाळी परत फोन केला तर उत्तर, आजार वर सुरू झाला ना, मग नाही. हेलिकॉप्टरचे ३२०० डॉलर आमच्या कार्डावर, काठमांडूतल्या दोन रात्रींचं हॉस्पिटलही आमच्याच खिशातून, आणि क्लेम फेटाळताना दुसरं कारण काय, तर मेहुण्याची बीपीची गोळी फॉर्मात लिहिली नव्हती.

त्यामुळे जाणाऱ्यांनी कव्हरचा मोठा आकडा बघूच नका. एक्स्क्लूजनचं, म्हणजे काय काय कव्हर होत नाही त्याचं पान उघडा आणि मीटर शोधा. ईबीसी ५३६४, काला पत्थर साडेपाच हजारांच्या वर, तेव्हा सहा हजारांपर्यंत चालेल असं लेखी पाहिजे, ईमेलवर, एजंटच्या तोंडी शब्दाला शून्य किंमत. चालू असलेली प्रत्येक गोळी फॉर्मात लिहा. कव्हर असलं तरी हेलिकॉप्टर बोलवायच्या आधी कंपनीची मंजुरी लागते, गाईडने परस्पर बोलावलं की पैसे अडकले. २०१८ मध्ये नेपाळात गरज नसताना हेलिकॉप्टर उडवून क्लेम लाटायचे प्रकार उघडकीला आले, तेव्हापासून कंपन्या संशयानेच बघतात. साध्या डोकेदुखीला गाईड हेलिकॉप्टर म्हणाला तर सरळ नाही म्हणा, कमिशन असतं. डिडक्टिबल, म्हणजे बिलातली आपणच भरायची सुरुवातीची रक्कम, तीही बघा, छोटी बिलं त्यातच संपतात. घरच्या मेडिक्लेमवर तर विसंबूच नका, ती बहुतेक वेळा भारतातल्या उपचारापुरतीच असते.

आणि क्रेडिट कार्डाचं इंटरनॅशनल लिमिट पुण्यातच वाढवून घ्या, आमचं पहिलं कार्ड डिक्लाइन झालं तेव्हा हेलिकॉप्टरचा पंखा फिरत होता.

मेहुणा आता ठणठणीत आहे, पुढच्या वर्षी अन्नपूर्णा सर्किट म्हणतोय. त्यातली थोरोंग ला खिंड ५४१६ मीटर. त्याला सांगितलंय, आधी तो ईमेल दाखव.