बेत शआरीम: रब्बी यहुदांच्या गावात

इस्रायलमधल्या हैफाहून आग्नेयेला वीसेक किलोमीटरवर किर्यात तिवोन नावाचं टुमदार गाव आहे. त्याच्याच अंगाला बेत शआरीमची टेकडी. गाडी चालवायला सोबत काका होते. काका बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, मूळचे अलिबागकडचे, आता मुक्काम इथल्या लोद शहरात. मराठी अजून खणखणीत. इतकी वर्षं या देशात राहून तेही इथे पहिल्यांदाच येत होते.

टेकडीवर अलेक्झांडर झैदचा घोड्यावर बसलेला पुतळा आहे. हा इथला राखणदार. १९३६ साली त्याच्यामुळेच टेकडीतल्या दफनाच्या गुहा उजेडात आल्या, उत्खनन सुरू झालं, आणि दोनच वर्षांत त्याचा खून झाला. पुतळ्यापाशी उभं राहिलं की खाली इज्रेएलचं अख्खं खोरं दिसतं. आम्ही मात्र फार रेंगाळलो नाही. ऊन मी म्हणत होतं आणि गुहा खाली होत्या.

इथे यायचं कारण एकच, रब्बी (म्हणजे ज्यू धर्मपंडित) यहुदा हानासी. इसवी सन ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर पाडलं. १३२ ते १३५ या काळात बार कोखबाचं बंड झालं, तेही चिरडलं गेलं आणि जेरुसलेम ज्यूंना बंद झालं. मंदिर नाही, राजा नाही, राजधानी नाही, अशा समाजाचं नेतृत्व या माणसाकडे आलं. तिसरं बंड काही त्यांनी पुकारलं नाही. रोमनांशी जुळवून घेतलं आणि मिळालेल्या शांततेत पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेलं धर्मशास्त्र एकत्र करून लावून घेतलं. इसवी सन २००च्या सुमारास सिद्ध झालेला हा संग्रह म्हणजे मिश्ना: सहा विभाग, ६३ प्रकरणं. मला त्यातली एक गोष्ट फार मोठी वाटते. वादात हरलेल्या पंडिताचं मतही त्यात नावानिशी ठेवलंय. पुढच्या एखाद्या न्यायसभेला तेच पटलं तर तिला आधार असावा, असं कारणही खुद्द मिश्नातच दिलंय. सत्ता हातात असताना विरोधकाचं म्हणणं जपून ठेवणारे पुढारी कितीसे असतात?

हे मी काकांना सांगत होतो तर ते हसले. "आमच्या कोकणातल्या वाडवडिलांना ही मिश्ना कुठे ठाऊक होती? तरी शनिवारी तेलाचा घाणा बंद म्हणजे बंद!" खरंच आहे. म्हणून तर त्यांना शनवार तेली म्हणत.

चौदा नंबरच्या गुहेचं तोंड तीन कमानींचं आहे. दगडी दारं लाकडी फळ्यांसारखी कोरलेली, त्यावर खिळ्यांची डोकीसुद्धा दगडातच काढलेली. आत भिंतीवर दोन नावं सापडली: रब्बी शिमोन आणि रब्बी गमलिएल. हीच रब्बी यहुदांच्या मुलांची नावं. तालमूद या मिश्नावरच्या चर्चेच्या ग्रंथात रब्बी यहुदांची शेवटची निरवानिरव आहे. शिमोनने विद्येचा कारभार बघावा, गमलिएलने प्रमुखपद सांभाळावं, आणि सभेत अग्रस्थानी बसावं हनिना बार हमाने, म्हणजे घराबाहेरच्या माणसाने. जवळच 'अनिना धाकटा' असंही एक नाव आहे. तो हाच का, यावर अभ्यासकांचा वाद आहे. गुहेच्या टोकाला जमिनीतच खणलेली जोडथडगी आहेत, बिननावाची. आपली शवपेटी मातीला भिडलेली असावी, कफनं फार नकोत, असं रब्बी सांगून गेले होते. ही कबर त्यांचीच, असं बरेच जण मानतात. छातीठोकपणे कोण सांगणार?

वीस नंबरची गुहा म्हणजे थाटामाटाचं दुसरं टोक. सव्वाशेच्या वर दगडी शवपेट्या, त्यांवर सिंह, गरुड, बैलाचं मुंडकं. रब्बींना इथे पुरल्यावर या टेकडीचं माहात्म्य इतकं वाढलं की सीरियातल्या पाल्मायराहून, थेट येमेनकडूनही मृतदेह इथे आणले जात. एकूण परिसरातले बहुतेक लेख ग्रीकमध्ये आहेत, याची मला गंमत वाटली.

पण रब्बींना संतपदावर बसवायची घाई नको. ते गर्भश्रीमंत होते. दुष्काळात त्यांनी कोठारं उघडली ती आधी फक्त शिकलेल्यांसाठी. योनाथान बेन अमराम नावाचा त्यांचाच शिष्य ओळख न देता दाराशी आला आणि आपण काहीच शिकलेलो नाही म्हणाला. मग खायला का द्यायचं? तर कुत्र्याला देतात, कावळ्याला देतात, तसं द्या. त्याला दिलं, पण अडाण्याला भाकरी दिली म्हणून रब्बी हळहळत बसले. तो कोण होता हे कळल्यावर कोठारं सगळ्यांना खुली झाली. त्यांच्याच परंपरेने ही गोष्ट न लपवता जपली, हे विशेष.

तिथून झिप्पोरी हे प्राचीन शहर गाडीने अर्ध्या तासाच्या आत. रब्बींची शेवटची १७ वर्षं इथे गेली. प्रकृतीला उंचावरची हवा मानवत होती म्हणतात. रोमन थिएटर आहे, फरशीवर डायोनिसस या ग्रीक मद्यदेवाचं सुरेख मोझेक आहे. ते बघायला गर्दी. मी छपरं शोधत होतो, अर्थात एकही उरलेलं नाही. रब्बी मरणपंथाला लागले तेव्हा शिष्य प्रार्थना थांबवेनात आणि त्यांचा जीव सुटेना. घरातल्या दासीने त्यांचे हाल पाहिले, छपरावर गेली आणि वरून घडा खाली टाकला. आवाजाने शिष्य क्षणभर गप्प झाले, तेवढ्यात रब्बी गेले.

"म्हणजे घर तीच चालवत होती म्हण की!" काका म्हणाले. नुसतं घरच नाही. हिब्रूतले अवघड शब्द अडले की हेच विद्वान शिष्य तिच्या बोलण्याकडे कान लावून अर्थ शिकत.