खुंट्या उपटणारे आजोबा

2012 सालची गोष्ट. मी तेव्हा सर्व्हेअर म्हणून पापुआ न्यू गिनीत कामाला होतो. हा देश कुठे आहे ते आधी सांगायला लागतं, ऑस्ट्रेलियाच्या डोक्यावर, इंडोनेशियाला चिकटून. आमच्या मिरजेच्या घरी आई अजून सगळ्यांना "आफ्रिकेत होता" असंच सांगते, मी सुधारायचं सोडून दिलंय.

प्रोजेक्ट गॅसचा होता. हेला म्हणून डोंगराळ भाग आहे, त्याच वर्षी तो वेगळा प्रांत झाला होता. तिथल्या डोंगरातून गॅस काढायचा आणि पाइपने पोर्ट मोर्सबीजवळ समुद्रापर्यंत न्यायचा, सातशे किलोमीटरच्या आसपास लाइन, त्यातली निम्म्याहून जास्त पाण्याखालून. फील्डचं नाव हाइड्स. ड्रॉइंगवर हाइड्स, मेलमध्ये हाइड्स, छातीवरच्या बिल्ल्यावर हाइड्स. पहिले दोन महिने मला वाटायचं की गॅस जमिनीखाली लपलेला आहे म्हणून "हाइड्स", म्हणजे लपतो. मेसमध्ये हा जोक मी दोन वेळा मारलेला आणि कोणी हसलं नव्हतं.

माझ्याबरोबर दोन चेनमन, म्हणजे मोजणीतले मदतनीस होते, दोघं तिथलेच, हुली जमातीचे. एक बडबड्या, एक मुका असल्यासारखा. बडबड्याला इंग्लिश बरं यायचं आणि बाकी आमचं चालायचं टोक पिसिनमध्ये, म्हणजे तिथली बाजारी भाषा, इंग्लिशचा भुगा करून त्यात जर्मन आणि तिथले शब्द मळले तर जे होईल ते. "माझी जमीन" म्हणजे "ग्राउन बिलोंग मी". हे वाक्य तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतं, कारण दिवसातून एकदा तरी ते ऐकायला मिळतं.

तर त्या दिवशी रात्रभर पाऊस पडून गेलेला, सकाळी धुकं. एका नव्या रस्त्याच्या सेंटरलाइनच्या, म्हणजे मधल्या रेषेच्या, खुंट्या आम्ही आदल्या दिवशी मारून आलो होतो आणि आज लेव्हल्स, म्हणजे उंचीची मापं, घ्यायची होती. तिथे पोचलो तर खुंट्या गायब. सगळ्या नाही, मधल्या आठ-नऊ. तोडल्या नव्हत्या, फेकल्या नव्हत्या, उपटून, चिखल पुसून, सरपणाची मोळी लावतात तशा एकावर एक रचून ठेवलेल्या. आणि शेजारी ओंडक्यावर एक आजोबा बसलेले, मांडीवर आडवा कोयता. वय सांगणं अवघड, साठच्या आसपास असतील. डोक्यावर लोकरीची टोपी, अंगात कुठल्यातरी रग्बी टीमचा फाटका टीशर्ट. (हुली म्हटलं की लोक गूगलवर केसांचे ते मोठे टोप आणि पिवळे रंगवलेले चेहरे बघतात, ते सणासमारंभाला असतं, रोज कोण कशाला घालेल.)

अशा वेळी नियम साधा. मशीन ट्रायपॉडवरून उतरवायचं, हात मोकळे ठेवायचे, वाद घालायचा नाही, रेडिओवर कम्युनिटी अफेअर्सवाल्यांना, म्हणजे गावकऱ्यांशी बोलणाऱ्या कंपनीच्या माणसांना, कळवायचं आणि ते येईपर्यंत बसायचं. त्यांनी सांगितलं दोन तास लागतील, रस्ता खचलाय. म्हणून मग आम्ही बसलो. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं, गुडघाभर चिखलात लेव्हल्स घेण्यापेक्षा बसलेलं काय वाईट.

आजोबांनी मला एकदा नीट बघितलं आणि चेनमनला काहीतरी विचारलं. तो म्हणाला, विचारतायत हा काळा माणूस कुठला, कंपनीचा गोरा का नाही आला. मी म्हणलं सांग त्यांना, इंडियाचा. ते आजोबांपर्यंत पोचलं की नाही माहीत नाही पण त्यांनी मान हलवली आणि बोलायला लागले. म्हणजे बोलणं पण नव्हे, एका सुरात नावंच नावं, मध्ये श्वास न घेता. तेरा-चौदा नावं तरी असतील. मी चेनमनकडे बघितलं तर तो एकदम सरळ बसलेला, एरवी कधी गप्प नसतो. हळूच म्हणाला, हे मालु आहे. मालु म्हणजे वंशावळ, पहिल्या पूर्वजापासून कोण कोणाचा मुलगा, कोण कुठे राहायला गेला, कुठल्या चरापर्यंत कोणाची वाडी. जमिनीचं भांडण लागलं की ज्याचा मालु खरा आणि सलग त्याची बाजू भक्कम. आपल्याकडे सातबाऱ्यासाठी तलाठ्याच्या मागे फिरायला लागतं, इथे माणूसच स्वतःचा सातबारा आणि तोही तोंडपाठ. चुकलं तर ऐकणारे तिथल्या तिथे धरतात.

मालु संपला तो त्यांच्या आजोबांच्या नावावर. आणि मग त्यांनी कोयत्याच्या टोकाने समोरचा चर दाखवला. हुलींच्या वाड्यांभोवती हे चर असतात, गाना म्हणतात त्याला, माणूस उभा आत दिसणार नाही एवढे खोल, वाडीची हद्दही तीच आणि भांडणाच्या वेळी लपायची जागाही तीच. म्हणाले, माझा बाप या चरात होता. एवढासा होता (हाताने कमरेएवढी उंची दाखवली). त्याची आई रताळी काढत होती. उगवतीकडून माणसं आली, बरीच, ओझी घेतलेली, आणि त्यांच्यात दोघं गोरे. गोरे म्हणजे इथल्या लोकांना तेव्हा माणूस वाटलेच नाहीत, भूतपिशाच्च म्हणा, मेलेल्यांचे आत्मे म्हणा, त्यांच्या भाषेत दामा. असलं काही वाडीत शिरलं तर रताळी कुजतील, डुकरं मरतील. म्हणून आजोबांचे आजोबा पुढे गेले. मारायला नाही, हातात धनुष्यबाण नव्हता हे त्यांनी तीनदा सांगितलं, बाजूच्या वाटेने जा असं हाताने दाखवायला. आणि मग बांबू फुटला.

मला कळेना बांबू कुठून आला. चेनमन म्हणाला, जाळात ओला बांबू टाकला की फाटकन फुटतो ना, तसा आवाज. म्हातारा पडला. बायका धावल्या, अंगातला बाण शोधायला लागल्या, बाण काढल्याशिवाय जखम कशी बरी होणार, पण बाणच नाही, नुसतं भोक. आणि ते लोक पुढे निघून गेले. आजोबांच्या बापाने हे चरातून बघितलं होतं आणि मरेपर्यंत एकच गोष्ट सांगायचा की ते दोघं एकसारखे होते, जणू एकच माणूस दोनदा.

"तुंबुना बिलोंग मी ई दाई लोंग हिया," असं म्हणून आजोबांनी आमच्या खुंटीने पडलेल्या भोकावर कोयत्याचं टोक ठेवलं. माझा पूर्वज इथे मेला. बरोबर माझ्या सेंटरलाइनवर.

कम्युनिटी अफेअर्सची गाडी आली ती दोन नाही, तीन तासांनी. ऑफिसर हुलीच होता, शिकलेला, शांत. त्याने सगळं परत ऐकलं, मालुसकट. मग विचारलं की आजोबा, मागणी काय. मला वाटलं पैसे. आजोबा म्हणाले डुकरं. तिथे माणूस मेला की मारणाऱ्याच्या कुळाने डुकरं द्यायची, त्याशिवाय हिशोब मिटत नाही, मग वर्षं कितीही जावोत. ऑफिसर म्हणाला ते ठीक आहे पण मारणारा कंपनीचा नव्हता, तेव्हा कंपनीच नव्हती. यावर आजोबांनी जे उत्तर दिलं ते मी आजवर कमीत कमी पन्नास लोकांना सांगितलं असेल. म्हणाले, या डोंगराचं नाव गिगिरा. तुम्ही पाटी लावली हाइड्स. हाइड्स कोण हे आम्हाला माहितीय, बंदूक घेऊन आलेला कियाप. तुम्ही तुमच्या जागेला त्याचं नाव लावता म्हणजे तो तुमचा पूर्वज. तो तुमचा पूर्वज तर डुकरं तुम्ही द्यायची.

कियाप म्हणजे जुन्या काळचा सरकारी अंमलदार, म्हणतात जर्मन "कापिटेन"वरून आलाय शब्द. ऑफिसरने काहीच उत्तर दिलं नाही, वहीत लिहून घेतलं. बडबड्या चेनमन खाली मान घालून हसत होता. आणि मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की हाइड्स हा माणूस होता.

त्या रात्री कॅम्पच्या रडतखडत चालणाऱ्या इंटरनेटवर मी बसलो. जॅक हाइड्स. जन्म पोर्ट मोर्सबीचाच, 1906 चा. पापुआच्या ऑस्ट्रेलियन सरकारचा पॅट्रोल ऑफिसर, म्हणजे तोच कियाप. 1 जानेवारी 1935 ला दारू नावाच्या बंदरातून निघाला (नाव खरंच दारू आहे, मी काय करू), बरोबर जिम ओमॅली, थोडेसे शिपाई आणि हमाल. नद्यांमधून होड्यांनी वर, मग चालत. चुनखडीचे ते सुरीसारखे दगड मी रोज बुटाखाली बघत होतो, बूट दोन महिन्यांत फाटतात, आणि हे लोक त्यातून आठवडेच्या आठवडे चालले. एप्रिलमध्ये ते पलीकडे आले तर समोर अख्खं खोरं, चौकोनी वाड्या, चर, धूर, हजारो माणसं. नकाशावर तिथे नुसता कोरा कागद होता.

ह्या सगळ्या डोंगरी भागाचीच ती गत होती. पूर्वेकडे दोनच वर्षं आधी, 1933 ला, मिक लेही नावाचा सोनं शोधणारा आणि जिम टेलर हा सरकारी अधिकारी विमानातून वाघी खोरं बघून मग चालत माउंट हेगनपर्यंत गेले होते. तोवर बाहेरचं जग धरून चाललं होतं की मध्ये नुसते ओसाड डोंगर आहेत आणि निघाले लाखो लोक.

पण हाइड्सची गंमत, गंमत कसली, ती घोळात होती. त्याने बदल्यात द्यायला नेलेलं सामान लोखंडी कुऱ्हाडी आणि मणी. डोंगरातल्या लोकांना हवे होते समुद्री शिंपले, कवड्या, त्यांचं चलन ते. किनाऱ्यावरून निघालेला माणूस आणि नेमके शिंपलेच न्यायचे राहिले! आणि कुऱ्हाड दाखवली तरी कोणी रताळं देईना. उपाशी माणसं, बंदुका आणि समोर घाबरलेले लोक, मग जे होतं ते झालं. नंतर अभ्यासकांनी हिशोब मांडला तर त्या एका गस्तीत तिसाच्या वर माणसं मारली गेली होती. त्याचे स्वतःचेही काही लोक वाटेत दमून, आजारी पडून गेले. परत आल्यावर पेपरांनी त्याला हीरो केलं. दोन वर्षांनी नोकरी सोडून सोनं शोधायला परत आला, बरोबरचा जोडीदार त्या मोहिमेत आजारी पडून मेला, सोनं काही मिळालं नाही, आणि 1938 ला हा सिडनीत न्यूमोनियाने गेला, बत्तिशीसुद्धा गाठली नाही. त्याच्या नावाच्या डोंगरात 1987 ला गॅस सापडला.

हे सगळं वाचून झोपलो पण काहीतरी खटकत होतं. हाइड्स आला दक्षिण-पश्चिमेकडून. आजोबा म्हणत होते उगवतीकडून. आणि ओमॅली काही त्याचा भाऊ नव्हता, फोटोत दोघं जराही सारखे दिसत नाहीत. सर्व्हेअरला दिशा चुकलेली चालत नाही हो, बाकी काहीही चालतं.

उत्तर मिळालं ते तीनेक महिन्यांनी सुट्टीवर असताना, मिरजेत गच्चीवर बसून वाचत होतो. टॉम आणि जॅक फॉक्स. जुळे भाऊ! सोनं शोधायला 1934 मध्ये माउंट हेगनहून पश्चिमेला चालत निघाले, म्हणजे हुलींच्या दृष्टीने थेट उगवतीकडून, आणि हाइड्सच्या काही महिने आधी याच खोऱ्यातून गोळ्या घालत गेले आणि परत आले. त्यांनी परत जाऊन सांगितलं की सोनं नाही, बस. किती माणसं मारली याचा कुठे कागद नाही, कारण ते सरकारी नोकर नव्हते, रिपोर्ट लिहायची सक्ती नव्हती. शिवाय हेगनकडचा भाग म्हणजे न्यू गिनी आणि हाइड्सचा पापुआ, दोन्हीकडे राज्य ऑस्ट्रेलियाचंच पण ऑफिसं वेगळी, इकडचं तिकडे कळायचं नाही. त्यामुळे बिचाऱ्या हाइड्सला वाटत होतं की इथे येणारा पहिला गोरा आपणच आणि हे लोक उगाच एवढे बिथरलेत. हे सगळं कळलं कसं, तर नंतर संशोधकांनी हुली म्हाताऱ्यांना बसवून विचारलं तेव्हा. म्हणजे चरातल्या त्या पोराची गोष्ट अगदी बरोबर होती, फक्त नाव दुसऱ्याचं चिकटलं होतं.

सुट्टीवरून परत गेलो तोवर रस्त्याची रेषा पंधरा मीटर वर सरकवलेली होती, ते डिझाइनवाल्यांनी फारसं न कुरकुरता केलं, तसाही खालचा भाग दलदलीचा होता. डुकरांचा कागद मात्र ऑफिसात कुठेतरी पडून होता. नव्या खुंट्या मारायला गेलो तेव्हा आजोबा होतेच, त्याच ओंडक्यावर. त्यांना सांगावं की नाही यावर मी गाडीत बराच विचार केला, चेनमन म्हणाला कशाला, हाइड्सनेही मारलीच ना माणसं, डुकरं तर निघतातच. पण मला राहवलं नाही. आवरून झाल्यावर त्यालाच सांगायला लावलं की आजोबा, तुमच्या बापाने बघितलेले ते दोघं हाइड्सचे नव्हते. फॉक्स म्हणून जुळे भाऊ होते, सरकारचे नव्हते, सोन्यासाठी आलेले. म्हणूनच सारखे दिसायचे.

जुळे म्हटल्यावर आजोबांनी मांडीवर थाप मारली आणि मुक्या चेनमनला जोरात काहीतरी म्हणाले, बाप खोटं बोलत नव्हता असं काहीतरी असावं. मग बराच वेळ गप्प. मग विचारलं, त्या फॉक्सच्या नावाचा कुठे डोंगर आहे का?

मी म्हणलं, नाही.

नदी? विमानतळ? कंपनी?

नाही आजोबा, माझ्या माहितीत तरी नाही.

"मग डुकरं मागायची कोणाकडे?"

चेनमनने हे भाषांतर करून माझ्याकडे बघितलं, आजोबाही बघत होते. मी फील्डबुक उघडून शेवटच्या खुंटीचं रीडिंग परत एकदा तपासलं, आधीच तपासलेलं होतं.