टेबलाखालच्या बाटलीला कंटाळून

आमचं हॉटेल नाशिकला, पेठ रोडला आहे. महापालिकेच्या हद्दीतच, पण हद्द संपायच्या जरा अलीकडे. काळ्या मसाल्याचं मटण, बाजरीची भाकरी, शनिवार-रविवारी बाहेर बाकड्यावर वेटिंग. आमच्याकडे दारू मिळत नाही, पण दारू असते. पाण्याची म्हणून आणलेली बाटली, स्टीलच्या पेल्यात घाईघाईने ओतलेलं काहीतरी, कोल्ड्रिंकचा जरा वेगळाच रंग. आमचा जुना वेटर असलं गिऱ्हाईक बसल्याबसल्या ओळखतो. जेवणाची ऑर्डर द्यायच्या आधी ते मसाला पापड आणि भरपूर बर्फ मागवतं.

पिणाऱ्याचं पिणारा बघेल, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नसतं. विनापरवाना पिण्याचा अड्डा चालवला म्हणून कलम ६८ मालकावर लागतं, तिथे पिताना सापडला म्हणून ८४ गिऱ्हाइकावर. ढाब्यांवर छापे पडल्याच्या बातम्या वाचा, हेच दोन आकडे दिसतील. म्हणजे दारूचा एक रुपया गल्ल्यात येत नाही, पण केस मात्र माझ्यावर. शिवाय रोज रात्री कुणाच्या तरी टेबलाशी जाऊन ‘दादा, इथे चालत नाही’ म्हणायचं, मग त्यांनी कुण्या नगरसेवकाचं नाव घ्यायचं, मग मी माझ्या भावाला बोलवायचं. याला मी विटले. म्हणून ठरवलं, रीतसर परमिट रूमचं लायसन्स काढायचं.

मजा बघा. दारू विकायचा परवाना मिळतो तो दारूबंदी कायद्याखाली. १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम, आता नाव महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम. कायद्याच्या नजरेत राज्यात बंदीच आहे, आपण सगळे सवलतीवर जगतो. गिऱ्हाइकालासुद्धा पिण्याचा परवाना लागतो, हे किती जणांना ठाऊक आहे? विदेशी दारूचा एका दिवसाचा ५ रुपयांना, वर्षाचा १०० ला आणि आजन्म १००० ला. बिअर आणि वाइनसाठी वय २१ पूर्ण हवं, व्हिस्की-रमसाठी २५. आपल्याकडे पोरगा आमदारकीला २५ व्या वर्षी उभा राहू शकतो, त्याच वर्षी पेगलाही पात्र होतो.

सुरुवातीला एका एजंटाकडे गेले. त्याने वहीच्या पानावर खर्च लिहून दिला : सरकारी फी, नकाशा, प्रतिज्ञापत्रं, झेरॉक्स आणि शेवटी ‘इतर’. ‘इतर’चा आकडा नकाशाच्या चौपट. मी विचारलं, “हे इतर म्हणजे काय?” तो पंख्याकडे बघत म्हणाला, “ताई, इतर म्हणजे इतर.” ते पान अजून माझ्याकडे आहे. फाइल मीच करायला घेतली.

कागदांचं फार सांगत नाही. शॉप अ‍ॅक्ट, फूड लायसन्स, बांधकामाचा दाखला, अग्निशमनची ना हरकत, पोलिसांची चारित्र्य पडताळणी, मंजूर नकाशात परमिट रूमचा भाग वेगळ्या रंगाने दाखवलेला. त्रुटी निघते, आपण भरतो, पुढची निघते. एफएल-३ ची, म्हणजे परमिट रूमच्या लायसन्सची, फी गावाच्या लोकसंख्येवर ठरते, आणि २०११ च्या जनगणनेतच नाशिक साडेचौदा लाखांच्या पुढे होतं, तेव्हा रक्कम ऐकून आमच्या ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला. आणि ती एकदा भरून सुटका नाही. लायसन्सचं वर्ष ३१ मार्चला संपतं, नूतनीकरण दरवर्षी.

खरी गंमत अंतराची. शाळा आणि देवस्थान यांच्यापासून ७५ मीटरच्या आत परमिट रूम चालत नाही. आता नाशकात देवळापासून ७५ मीटर लांब जागा शोधायची म्हणजे! पंचवटीत तर एका देवळाच्या पायरीवरून दुसऱ्याचा कळस दिसतो. आमच्या वळणावरही उंबराखाली शेंदूर फासलेला म्हसोबा आहे, आमच्या दारापासून हाकेच्या अंतरावर. मी धरूनच चालले होते की फाइल इथेच संपली. पण नियमातलं देवस्थान म्हणजे नोंदणी झालेल्या सार्वजनिक न्यासाचं. म्हसोबाची धर्मादाय आयुक्तांकडे नोंद नाही. शेजारचा गिरणीवाला हे ऐकून म्हणाला, “म्हणजे कागद नाही म्हणून देव नाही का?” यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही. शाळेचंही तसंच. शाळा-कॉलेज मोजतात, खासगी क्लास मोजत नाहीत. समोरच्या इमारतीत दोन मजले क्लास आहेत, पोरांची वर्दळ शाळेपेक्षा जास्त, पण नियमात ती पोरं नाहीतच.

शाळा आहे मागच्या गल्लीत. गच्चीतून बघितलं तर मैदानातला झेंडा अगदी जवळ दिसतो. पण अंतर कावळ्याच्या उडण्याने मोजत नाहीत. आपल्या दाराच्या मध्यापासून शाळेच्या फाटकाच्या मध्यापर्यंत, माणूस एरवी ज्या जवळच्या वाटेने पायी जातो त्या वाटेने. उत्पादन शुल्क खात्याचे दुय्यम निरीक्षक साहेब आले, सोबत खात्याचा जवान आणि लांब टेप. दाराच्या चौकटीवर खडूने मध्य काढला. मला वाटलं रस्त्यारस्त्याने जातील, तसं गेलं तर अंतर भरपूर होतं. साहेबांनी पानटपरीवाल्याला विचारलं, “पोरं शाळेत कुठून जातात?” त्याने निरागसपणे शेजारच्या मोकळ्या प्लॉटकडे बोट दाखवलं. पावसाळ्यात गाजरगवत माजतं, पण मधून पायवाट आहे, कुंपणाची तार कुणीतरी कधीच वाकवून ठेवलेली. टेप त्या वाटेने गेली. जवान गवतात, टेपचं एक टोक माझ्या भावाच्या हातात, साहेब मोठ्याने आकडे म्हणतायत, आणि मी उगाच श्वास धरून उभी. ८१ मीटर भरलं. पंचनाम्यावर गिरणीवाल्याने आणि टपरीवाल्याने पंच म्हणून सह्या केल्या. मला ही मोजणी आवडली, खरं सांगते. कागदावरच्या वाटेपेक्षा पोरांच्या चपलांनी पाडलेली वाट कुणीतरी खरी धरली.

महामार्गाचा प्रश्न होताच, कारण पेठ रोड हा राष्ट्रीय महामार्ग. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गापासून ५०० मीटरच्या आतली दारू बंद केली आणि १ एप्रिल २०१७ ला रस्त्यांवरच्या बारना कुलपं लागली. जुलैमध्ये न्यायालयानेच स्पष्ट केलं की पालिका हद्दीतल्या परवानाधारकांना हा आदेश लागू नाही. हद्द संपायच्या अलीकडे असल्याचा फायदा आम्हाला आयुष्यात पहिल्यांदाच झाला. एरवी त्या हद्दीचा अर्थ घरपट्टी शहराची आणि पाणी गावासारखं, एवढाच होता.

कॉलनीतल्या बचत गटाच्या बायका भेटायला आल्या. मला अपेक्षित होतं. आडव्या बाटलीचा नियम सगळ्यांना माहीत आहे : २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर मतदान घेतात आणि आडव्या बाटलीला पुरेशी मतं पडली की दुकान बंद. उद्या आमच्या वस्तीत देशीचं दुकान आलं तर आडव्या बाटलीवर शिक्का मारायला मीच पहिली उभी राहीन, हेही मी त्यांना सांगितलं. त्यातली एक जण म्हणाली, “ताई, तुमचं काय ते तुम्ही करा. माझी पोरगी साडेनऊला क्लासवरून येते, ती तुमच्या पार्किंगसमोरून येते.” याला नियमात कलम नाही. पार्किंगला दोन मोठे दिवे लावले आणि परमिट रूमचं दार नकाशात रस्त्याच्या बाजूला घेतलं. त्यासाठी नकाशा पुन्हा काढावा लागला.

भावाला याच्या जोडीला शनिवारी गाणी हवी होती. कीबोर्ड, एक गायक, जुनी मराठी-हिंदी गाणी. त्याला पोलिसांची वेगळी परवानगी लागते, उघड्यावर स्पीकर रात्री १० ला बंद, आणि रेकॉर्ड वाजवायचं म्हटलं तर गाण्यांच्या हक्कांचे पैसे वेगळे. आमच्याकडे जेवणाची खरी गर्दी साडेनऊला सुरू होते. अर्ध्या तासासाठी गायक कोण बोलावणार? तो विषय मी तिथेच मिटवला. तो अजून रुसलेला आहे.

लायसन्स आलं की मला आधी इथलीच वाइन ठेवायची आहे. मुंबईहून आलेली माणसं गंगापूर रोडच्या वायनरी बघून आमच्याकडे जेवायला येतात आणि नाशिकची कुठली वाइन आहे विचारतात. द्राक्षाच्या गावात मी त्यांना ताक देते. बरं असतं ताक, पण त्यांचा चेहरा पडतो.

आता सगळं अडलंय ते नावापाशी. हॉटेलचं नाव ‘रामशेज’. आमच्या घरातल्या थोरल्या अण्णांनी ठेवलेलं, कारण पेठ रोडचा किल्ला आणि औरंगजेबाच्या फौजेला वर्षानुवर्षं दाद न देणारा किल्ला. २०२२ मध्ये दुकाने-आस्थापना कायद्यात दुरुस्ती झाली, तिच्यात मराठी पाट्यांच्या सक्तीबरोबर हेही आलं की मद्यविक्री जिथे होते त्या आस्थापनेला महापुरुषांचं किंवा गडकिल्ल्यांचं नाव ठेवता येणार नाही. मला हा नियम पटतो. ‘रामशेज बार’ अशी पाटी माझ्याच्याने बघवली नसती. पण नाव बदललं की शॉप अ‍ॅक्ट बदलायचा, फूड लायसन्स बदलायचं, लाइट बिल, जीएसटी, आणि जुळवलेली फाइल पहिल्या पानापासून.

अण्णा म्हणाले, जेवणाचं ‘रामशेज’ राहू दे, आतल्या खोलीला दुसरं नाव दे. वकील म्हणाले, जागा एक, शॉप अ‍ॅक्ट एक, नाव एक. अण्णा दोन दिवस बोलले नाहीत. काल त्यांनी जुन्या बिलाच्या पाठीमागे चार नावं लिहून माझ्या हातात दिली. अहिवंत, धोडप, हातगड, साल्हेर. चारही किल्ले.